सड्यावर नाव घेऊन हाक मारू नये

सकाळचे अकरा वाजून सतरा मिनिटे झाली होती. इतकं नेमकं सांगते, कारण त्याच वेळी मी नणंदेला फोन लावत होते आणि रेंज गेली. मोबाईलवर फक्त वेळ दिसत राहिली. मान वर करून बघते तर रस्ता नाही, फुलं नाहीत, आमचे हे नाहीत आणि ह्यांच्या खांद्यावर बसलेली माझी तीन वर्षांची ईश्वरीही नाही. सगळं पांढरं.

ती जागा आधी सांगते, म्हणजे तुमच्या लक्षात येईल. घाट उतरायला लागायच्या थोडं अलीकडे, पातरवाडी नावाच्या गावाच्या वरच्या अंगाला एक सडा आहे. सडा म्हणजे सपाट कातळ. बघावं तिकडे काळा-तांबडा दगड, आणि भाद्रपदात त्यावर गुडघ्याएवढं गवत आणि निळी-पिवळी बारीक फुलं. रस्ता त्या सड्याच्या कडेने जातो. आणि सड्याच्या मधोमध एक भोक आहे. आमच्या दारातल्या खळ्यापेक्षा मोठं, गोल. तिथली माणसं त्याला बोलती बाव म्हणतात. बाव म्हणजे विहीर. पण ती कोणी खणलेली नाही. कठडा नाही, पायरी नाही, पाटी नाही. गवत अगदी काठापर्यंत येतं, फुलंही येतात, आणि पुढच्या पावलाला खाली काही नसतं.

ह्यातलं आम्हाला काहीच माहीत नव्हतं. आम्ही पाटणकडचे. नणंदेच्या बाळाचं बारसं होतं राजापूरला. नेहमीच्या घाटात दरड आली म्हणून हे म्हणाले, मोबाईल दुसरा रस्ता दाखवतोय, जाऊया. मी म्हटलं, अनोळखी रस्ता नको. तर म्हणाले, "तू तर गाडीत बसायच्या आधीच घाबरतेस. तुझ्या माहेरी भीती काय घरी बनवतात का?" वळणांनी ईश्वरीला उलटी झाली. सड्यावर गाडी थांबवली, मी सीट पुसत बसले, आणि ती फुलं बघून रडायची थांबली. "बाबा, फुलं." ह्यांनी तिला खांद्यावर घेतलं आणि म्हणाले, "दोन मिनिटांत आलो." जाताना पाठमोरे दिसत होते. तिच्या पायात गुलाबी सँडल होती. मग मी फोन लावायला खाली बघितलं. एवढंच.

धुकं दरीतून वर आलं असणार. आवाज नाही, वारा नाही. हात पुढे केला तर बोटं अंधुक दिसली.

मी हाक मारली. कोणीही मारेल. "ईशू! अहो! ईशू!"

समोरून उत्तर आलं. "ईशू..." माझाच आवाज. आधी वाटलं डोंगरावर आपटून परत आला. पण तिथे समोर डोंगर नव्हता, सपाट होतं. आणि आवाज वरून नाही, जमिनीतून आल्यासारखा येत होता. जवळून. माझ्यापेक्षा जास्त मायेचा. मला काय झालं कोण जाणे, मी आणखी जोरात ओरडले, आणि तो आवाजही आणखी जोरात आला. मी रस्ता सोडून त्या बाजूला चालायला लागले.

तेवढ्यात मागून घंटी वाजली. तीन टोल. आणि कोणीतरी खेकसलं, "ए बाय! तोंड मिट! जागची हालू नको!"

धुक्यातून एक म्हातारा बाबा आला. कमरेला लंगोटीवजा पंचा, अंगात बंडी, डोक्यावर घोंगडीची खोळ, हातात वाटीएवढी काशाची घंटी. त्याने मला विचारलं, "कोन गेलाय आत?"

मी म्हटलं, "आमचे हे. आणि माझी मुलगी. तीन वर्षांची."

त्याचं तोंड एकदम उतरलं. ते मी बघितलं. मी परत ओरडणार तर तो म्हणाला, "हाक मारू नको. एकसुदिक नको. तू हाक मारलीस तर ती बावेतनं ऐकू येती, आणि ती बावेकडं जातील. तुला पोर पायजे ना? मंग ओढणी घे दाताखाली आणि बस त्या दगडावर."

मी त्याचं का ऐकलं, सांगता येत नाही. बहुतेक तो घाबरला होता म्हणून. शहाणपणा सांगणारा असता तर मी ढकलून पळाले असते. मी ओढणी तोंडात धरली आणि बसले. तो माझ्याशेजारी उभा राहिला. तीन टोल द्यायचा, थांबायचा, कान द्यायचा, परत तीन टोल.

मी हातानेच खूण केली, मी जाते आत. तो म्हणाला, "जाशील. मंग तिघांसाठी घंटी वाजवू काय? एक सांगतो ती ऐक. ऐकलंस तर बसवेल." त्याचं नाव धाकू गोरिवले. त्याने मला जे सांगितलं ते मी त्याच्या शब्दांत लिहू शकत नाही. तो तुटक तुटक सांगत होता आणि माझं अर्धं लक्ष धुक्यात होतं. पण गोष्टीतलं काही सुटलेलं नाही. अशी गोष्ट सुटत नाही.

फार पूर्वी, पातरवाडीत देवीला देऊळही नव्हतं, नुसता शेंदूर लावलेला दगड होता, तेव्हाची ही गोष्ट, असे सांगतात. घाटमाथ्यावरचे गवळी-धनगर दरवर्षी गुरं घेऊन ह्या सड्यावरून खाली उतरायचे. गावाचं आणि त्यांचं एक ठरलेलं होतं. दसऱ्याला वाघजाईच्या नावाने गवताचा पहिला भारा कापायचा. तोपर्यंत सड्यावरच्या गवताला कोणाच्या गुराने तोंड लावायचं नाही. त्यानंतर गवत सगळ्यांचं. प्रत्येक गुराच्या गळ्यात घंटी असायचीच. त्या आवाजावरून धनगराला कळायचं, आपलं जनावर कुठे आहे. आणि खाली गावालाही कळायचं, सड्यावर कोणी चोरून चारतंय का. गुराची राखणही घंटीच करायची आणि गवताचीही.

त्या धनगरांत झिमा नावाची एक बाई होती. तिची बेचाळीस गुरं, एक लंगडं वासरू, आणि चार वर्षांची एकच मुलगी, सगू. त्या साली घाटमाथ्यावर श्रावणातच पाऊस आटला. गवत करपलं. गायी आटल्या. झिमाचा नवरा खाली पातरवाडीत गेला, गावकऱ्यांच्या पाया पडून दसऱ्याआधी गवत मागायला. जाताना बायकोला म्हणाला, मी येईपर्यंत सड्याच्या अलीकडे थांब. ती दोन दिवस थांबली. गुरं हंबरत होती, समोर हिरवं गवत दिसत होतं. सगू दूध मागत होती आणि चरवीत दूध नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी धुकं आलं.

झिमाच्या मनात आलं, धुक्यात आपल्याला कोण बघणार? बोलेल ती फक्त घंटी. मग तिने काय केलं, तर गवत उपटलं, त्याचे बोळे केले आणि एकेका गायीच्या घंटीत कोंबले. बेचाळीस घंट्या. शेवटी वासराच्या घंटीतही. धनगराच्या बाईने असं कधी केलं नव्हतं, म्हणे. घंटीचं तोंड बांधणं म्हणजे गुराला वाऱ्यावर सोडणं. पण पोटचं पोर दूध मागत असलं की...

इथे बाबा थांबला. तीन टोल दिले. मला वाटलं, लांबून "आई" असं आलं. मी उठले. त्याने घंटीनेच मला खाली बसायची खूण केली. "आलं ना ऐकू? मीबी ऐकलं. जित्ती हाय. गप बस."

"कुठून आलं?" मी ओढणी काढून पुटपुटले.

"धुक्यात 'कुठनं' नसतं, बाय."

मग पुढे सांगायला लागला. गुरं सड्यावर शिरली. सगू गुरांच्या मधून चालत होती, धनगरांची पोरं चालतात तशी, कुठल्यातरी शेपटीला धरून. झिमा सगळ्यात मागे. लंगडं वासरू मागे राहू नये म्हणून त्याचं दावं तिने आपल्या कमरेला बांधलं होतं. तिला दिसत काहीच नव्हतं. नुसते खूर ऐकू येत होते. कातळावर बेचाळीस गुरांचे खूर म्हणजे पावसासारखा आवाज. चालता चालता तो आवाज कमी झाला. तिला वाटलं, गुरं पांगली, चरायला लागली. बरं वाटलं तिला. आणखी कमी झाला. मग चार-पाचच खूर. मग एक. मग काही नाही.

बाव तेव्हाही तिथेच होती. पण मुकी होती, असे सांगतात. पुढची गाय गेली. तिची घंटी वाजली असती तर मागची थांबली असती. घंटीत गवत होतं. त्या घंट्यांसारखीच गुरंही मुकी गेली. एकही हंबरलं नाही.

झिमाला कळलं. कोणी सांगावं लागलं नाही. आणि लगेच दुसरं कळलं, की सगू त्यांच्यात होती.

तिने हाक मारली. "सगू! ये सगू!"

सगू गेली नव्हती. मध्येच शेपटी सोडून ती फुलं तोडत बसली होती. ती जिवंत होती, धुक्यात कुठेतरी. आईची हाक ऐकून तिने ओ दिली, "आये! कुठं हाईस?" झिमाला केवढा आनंद झाला. तिने आणखी जोरात हाक मारली. आणि तेव्हा तिने ऐकलं, की आपला आवाज आपल्या तोंडातून जातोय तो जातोय, पण पुढून, जमिनीतून, दुसराही येतोय. तिच्यासारखाच. तिच्यापेक्षा गोड.

बाबा म्हणाला, "त्या बावेत त्याच्या आधी कोनाचा आवाज पडला नव्हता. पहिला पडला तो आईचा. म्हणून तिला येवढीच भाषा येती. आजबी बापय गड्यानं हाक मारली तरी बाईच्या आवाजात परत येती."

मी मघाशी चार वेळा हाक मारली होती. की पाच? मी मोजत होते, आणि मोजता येत नव्हतं.

झिमाने ऐकलं, की सगूचा आवाज आता आपल्याकडे येत नाही. तो त्या दुसऱ्या आवाजाकडे चाललाय. "आये, आले, आले." झिमा गप्प झाली तर ते पोर रडायला लागायचं, "आये, बोल ना." आणि बोलली तर पोर बावेकडे एक पाऊल पुढे जायचं. आईने काय करावं? तुम्ही सांगा. पोर विचारतंय कुठं आहेस, आणि उत्तर दिलं तर मरतंय.

तेव्हा झिमाने वासराच्या घंटीत बोट घातलं आणि गवताचा बोळा काढला. आणि तोच बोळा तिने आपल्या तोंडात कोंबला. घशापर्यंत. म्हणजे चुकूनही हाक निघायला नको. आणि मनातल्या मनात वाघजाईला नवस बोलली. आई, तुझं गवत चोरलं, माझी गुरं तू घेतलीस, बरोबर केलंस. माझं पोर ह्या घंटीवर आलं, तर मी हा सडा सोडणार नाही. इथे कोणाचंही पोर चुकलं तर घंटी वाजवीन. आणि ह्या सड्यावर परत तोंड उघडणार नाही.

मग तिने घंटी वाजवली. ती वाजली आणि बावेतून काही आलं नाही. का, ते गावात असं सांगतात, की बावेच्या पोटात बेचाळीस घंट्या पडल्यात. तिला आता घंटीचा कंटाळा. ती घंटीला ओ देत नाही, फक्त माणसाच्या गळ्याला देते. शहरातली शिकलेली माणसं मध्ये येऊन गेली, त्यांनी वेगळं कारण सांगितलं, म्हणे. बाबा म्हणाला, "सांगू देत. घंटी घेऊनच फिरत व्हते."

किती वेळ ते कोणाला माहीत नाही. सगू रडत होती, "आये बोल, आये बोल," आणि आई थोड्याच अंतरावर बसली आहे आणि घंटी वाजवते आहे. शेवटी ते पोर रडत रडत त्या ओळखीच्या वासराच्या घंटीकडे आलं. वासराशी रोज खेळायचं ते. येऊन वासराच्या गळ्याला मिठी मारली. आईला नाही, वासराला.

घंटी गावातही ऐकू गेली होती. गावकरी काठ्या घेऊन वर आले, दुसरं कोणी गवत चोरतंय का बघायला. सगळ्यांच्या पुढे झिमाचा नवरा होता. कारण आदल्या संध्याकाळीच गावाने होकार दिला होता. देवीला कौल लावला, देवी म्हणाली मुकी जनावरं आहेत, खाऊ द्या. सकाळी तो ते सांगायलाच निघाला होता. एक सकाळ थांबली असती तर. हे वाक्य बाबाने दोनदा म्हटलं, आणि मला वाटलं, हे तिला किती जणांनी, किती वर्षं ऐकवलं असेल.

गावकऱ्यांनी काठ्या खाली ठेवल्या. दोर आणले. पण खाली बघितल्यावर दोर सोडायचं काही कारण उरलं नव्हतं.

नवरा म्हणाला, चल. झिमाने मान हलवली. तिच्या तोंडात अजून बोळा होता. बोट करून दाखवलं: सडा, घंटी, देवी. नवस कळायला शब्द लागत नाहीत. तो रडला, पाया पडला, तिला ओढलंही. दुसऱ्या दिवशी धनगरांचा तांडा निघाला. सगूला बापाने खांद्यावर घेतलं. ती पाठीमागे वळून हात पसरून ओरडत होती, "आये, चल! आये!" आणि तांडा सड्यावरूनच जात होता, म्हणून आईला एक शब्द बोलता येत नव्हता. ती घंटी वाजवत राहिली. पोराचं रडणं ऐकू येईनासं होईपर्यंत वाजवत राहिली. त्यानंतरही.

पुढे दरवर्षी दसऱ्यानंतर तांडा उतरायचा. झिमा सड्याच्या तोंडाशी उभी राहायची. कोणी म्हणतात, सगू दरवर्षी तिच्याजवळ थांबायची आणि पायाशी चरवीभर दूध ठेवून जायची. कोणी म्हणतात, ती आईकडे बघायचीसुद्धा नाही, मला सोडलं म्हणायची. मी विचारलं, "खरं काय?"

बाबा म्हणाला, "दोन्ही खरी असतील. पोर हाय ती."

झिमा म्हातारी होऊन सड्यावरच गेली. ज्या पावसाळ्यात ती गेली, त्याच पावसाळ्यात धुकं आलं, आणि गावातल्या एका बाईने, तिचं स्वतःचं कोणी हरवलेलं नसताना, ती घंटी उचलली. तेव्हापासून घंटी गावात फिरते. ज्याच्या घरी असेल त्याची पाळी. पाळी बाईची. धुकं दिसलं की हातातली भाकरी टाकून वर यायचं. बाबाच्या घरात आज पाळी सुनेची होती. ती माहेरी बाळंतपणाला गेली होती, म्हणून सासरा आला होता. मूळची घंटी झिजून फुटली. ही सातवी, म्हणाला.

गोष्ट संपली आणि धुकं तसंच होतं. मला वाटलं होतं, गोष्ट संपली की ते येतील. असं थोडंच असतं?

बाबाचा हात दुखत होता. त्याने घंटी माझ्या हातात दिली. "वाजव. तीनच. जास्त नको, घाई ऐकू येती पोरांना, ती घाबरतात." मी वाजवली. घाईत तिन्ही टोल एकातच मिसळले. तो म्हणाला, "देवळातली घंटा नाय ती. सावकाश. भात शिजवताना कसं, तसं." मी परत वाजवली. तेव्हा धुक्यातून ईश्वरीचं रडणं आलं. अगदी स्पष्ट. "आई, आई, आई." मोठमोठ्याने. रडताना तिला उचकी लागते, ती उचकीसुद्धा ऐकू आली.

मी ओढणी चावली. दाताखाली धागे तुटले, ते कळले मला. छातीतून हाक वर येत होती, ओकारी यावी तशी. बाबा माझ्याकडे बघत होता. मी डोळे मिटले आणि वाजवली. तीन. थांबले. तीन. थांबले. रडणं लांब गेलं. मी वाजवली. रडणं बंद झालं. ते सगळ्यात वाईट. रडणं बंद का झालं? माझ्या डोक्यात काय काय आलं ते मी लिहिणार नाही. मी वाजवत राहिले. माझ्या तोंडात रक्ताची चव होती, आणि मनात एकच, वाघजाई, मी तुझ्या गावची नाही, पण तू आई आहेस.

मग अगदी जवळ, डाव्या अंगाला, कोणीतरी म्हणालं, "आरती."

धुक्यातून आधी गुलाबी सँडल दिसली. मग ह्यांची छाती. मग तोंड, कागदासारखं पांढरं. ईश्वरीने दोन्ही हातांनी ह्यांचे कान घट्ट धरले होते. मी तिला ओढून घेतलं. तिच्या केसांना ओल्या गवताचा वास होता. मी एक शब्द बोलले नाही. बोलायचं नसतं तिथे.

बाबाने आम्हाला रस्त्यावर, गाडीपर्यंत आणलं. तिथे आल्यावर तो म्हणाला, "आता बोला." तेव्हा ह्यांनी सांगितलं. धुकं आल्यावर ह्यांना माझी हाक आली, समोरून. हे तिकडे थांबत थांबत चालायला लागले. मी हाक मारायची थांबले तेव्हा ह्यांनीच ओरडून मला विचारलं, कुठे आहेस, आणि समोरून बाईचा आवाज आला. ह्यांना वाटलं, मीच. मागून घंटी वाजत होती, पण ह्यांनी लक्ष दिलं नाही. कुठलं तरी जनावर असेल म्हटलं. बायको समोरून बोलावतेय, तर घंटीकडे कोण जाईल?

पण नुकतेच गणपती झाले होते. आमच्या घरात दहा दिवस आरती होती, आणि आरतीची घंटी ईश्वरीलाच वाजवायची असायची. ती रडत होती, तेवढ्यात घंटी नीट ऐकू आली असणार. रडणं थांबवून तिने बापाचे कान धरून मागे ओढले. "बाबा, आरती चाललीये. आरतीला चल." हे म्हणाले, "गप, आई तिकडे आहे." तर ती म्हणाली, "आई नाही ती. आरती." आणि कान सोडेचना. हे कंटाळून वळले.

"कंटाळून वळलो गं," असं म्हणाले आणि रस्त्यातच खाली बसले. चार तास गाडी चालवताना जो माणूस मला हसत होता, तो.

बाबा म्हणाला, "तुमी घाटावरली माणसं. एकमेकाला हाका मारल्याबिगर तुमच्या घशाखाली घास उतरत नाय. बायको दहा पावलांवर असली तरी वराडता." कोणी हसलं नाही. मग मीच हसले आणि मला रडू आलं.

एक वाजून दहा मिनिटांनी धुकं वर गेलं. जसं आलं तसंच, आवाज न करता. ऊन पडलं, फुलं चमकायला लागली. आणि आम्ही बाव बघितली. हे जिथून चालले होते तिथे गवत आडवं झालं होतं, निळी फुलं चुरगळली होती. ती वाट सरळ बावेकडे जात होती. काठाच्या जवळ एके ठिकाणी ती वळली होती. मी जवळ जाऊन बघणार होते, किती पावलं राहिली होती ते. बाबाने हात आडवा केला. म्हणाला, "मोजू नको. मोजलंस तर रोज मोजशील."

मी मोजलं नाही. पण लांबून दिसलं ते दिसलं.

आजही पातरवाडीत ती घंटी घरोघर फिरते. बरीच घरं आता बंद असतात, माणसं पोटामागे शहरात गेली. त्यांच्या पाळ्या उरलेल्या बाया वाटून घेतात. आजही दसऱ्याला पहिला भारा कापतात तेव्हा त्यातल्या मूठभर गवताचा बोळा करून देवीसमोर ठेवतात आणि घटकाभर सगळं गाव मुकं राहतं. आजही त्या सड्यावर आया पोरांना नावाने हाक मारत नाहीत. मारायची झाली तर चालत जाऊन हात धरतात. मीही आता घरी तसंच करते. ईश्वरी अंगणाच्या टोकाला असली तरी हाक मारत नाही, कामं टाकून जाते. सासूबाई म्हणतात, वेड लागलंय हिला. लागू दे.

त्या रस्त्याला पाटी नाही. आम्ही परत येताना बघितलं, दोन्ही बाजूंना नाही. मोबाईल अजून तोच रस्ता दाखवतो आणि फुलांच्या दिवसांत गाड्या थांबतात. म्हणून हे लिहिलं. तुमच्यापैकी कोणी, किंवा तुमच्या ओळखीचं कोणी, पातरवाडीच्या सड्यावरून जाणार असेल, तर त्यांना एवढं सांगा. पोराला खाली उतरवलं तर हात सोडू नका. धुकं आलं तर आहे तिथे बसा. आपलं माणूस समोरून बोलावतंय असं वाटलं, तरी जाऊ नका. घंटी ऐकू आली तर तिच्याकडे जा, कितीही लांब वाटली तरी. आणि आत तुमचं पोर असेल, ते रडत असेल, तुम्हाला विचारत असेल, तर ओढणी, पदर, रुमाल, जे हाताला लागेल ते तोंडात धरा. हे सगळ्यात कठीण आहे, ते मला माहीत आहे. तरी धरा. आणि ज्याला सांगाल त्याला म्हणा, पुढच्या बाईला सांग.